टेकडीवरची मुंबई आणि खालची मुंबई

एके काळीं इंग्रज व्यापारी, पारशी शेटिये आणि गुजराती सावकार मुंबईच्या किल्ल्यांत एकाच तटाच्या आंत राहत होते. दक्षिणेकडे गोऱ्यांची वस्ती आणि उत्तरेकडे हिंदी लोकांची, असा भेद तेव्हांही होताच. तटाबाहेर जातीजातींच्या वाड्या निराळ्या होत्या, पाणवठ्यावर शिवाशीव होती. तेव्हां तो काळ सोन्याचा होता, असें कोणीं समजूं नये. मात्र धनिकाचें घर आणि कारागिराचें घर यांत फार अंतर नसे.

१८०३ सालच्या फेब्रुवारींत किल्ल्यांत भयंकर आग लागली. त्यानंतर पुष्कळ लोक तटाबाहेर मांडवी, भुलेश्वर या बाजूंस वसले. नाना जगन्नाथ शंकरशेट हे तर मोठे श्रीमंत, पण त्यांचें राहणें गिरगांवांत होतें. सोनापूरची स्मशानभूमि दूर शिवडीस नेण्याचा बेत निघाला, तेव्हां लोकांच्या वतीनें तेच पुढें झाले. १८४९ च्या सुमारास निघालेल्या मुलींच्या शाळेस त्यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली. शेजाऱ्याची अडचण त्यांना अर्ज वाचून कळावी लागत नव्हती.

पुढें अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाच्या व्यापारांत मुंबईस अमाप पैसा मिळाला. सर बार्टल फ्रीअर यांच्या अमदानींत किल्ल्याचा तट पाडण्यांत आला, आणि मलबार टेकडीवर धनिकांचे बंगले वाढत गेले. दगडी तट गेला. चढणीचा तट उभा राहिला. खालीं गिरण्या वाढल्या, एकखणी चाळी दाटल्या. अनेक चाळींच्या मालकांचा आपल्या भाडेकऱ्यांशीं संबंध मेहत्याच्या वहीपुरताच उरला. भाडें दरमहा वर चढे. मोरीची दुर्गंधि मात्र वर पोंचत नसे.

खुद्द गव्हर्नरांचें घरही यास अपवाद राहिलें नाहीं. परळच्या त्यांच्या निवासस्थानाभोंवतीं गिरण्यांचा धूर आणि रोगराई वाढली, तेव्हां १८८० नंतर कांहीं वर्षांतच तें सोडून मलबार पॉइंट हेंच त्यांचें ठिकाण झालें.

१८९६ सालीं मांडवींत प्लेग प्रगटला. व्यापार थांबला, मजूर गांवीं पळाले, आणि गिरण्यांना माणसें मिळेनात. खालच्या मुंबईचा श्वास कोंडला कीं वरच्या मुंबईची तिजोरीही कोंडते, हें तेव्हां उमगलें. १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें समुद्राचा वारा आंत यावा म्हणून रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. परंतु बेघर झालेले पुष्कळ गरीब शेजारच्याच दाटींत शिरले.

या इतिहासांतील शेवटची गोष्ट परळचीच आहे. गव्हर्नरांनीं सोडलेल्या त्या प्रासादांत १८९९ सालीं डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. ज्या वस्तीपासून दूर राहण्यासाठीं तें घर सोडलें, त्या वस्तीच्या रोगावरची लस त्याच घरांत तयार होऊं लागली. शेजार सोडतां येतो. शेजाऱ्याचें सुखदुःख सोडतां येत नाहीं.