बिलिअर्डचें टेबल आणि पाटीचा दगड

बारामतीहून इंदापूरकडे जातांना वाटेवर भवानीनगर लागतें. सहकारी साखर कारखान्याच्या भोंवतीं वाढलेलें हें गांव. चोहोंकडे उंसाचीं शेतें आणि ह्या मुलुखाला पाणी पाजणारा नीरेचा डावा कालवा. 1885 च्या सुमारास वाहूं लागलेल्या ह्या कालव्याचें सारें मर्म त्याच्या उतारांत आहे. उतार अधिक झाला तर पाणी कांठ कुरतडतें, उणा पडला तर गाळ धरतें. म्हणून ज्यांनीं तो आंखला त्यांना पावलोपावलीं पातळी मोजीत पुढें जावें लागलें. ह्याच्या अगदीं उलट असें एक काम आहे. त्यांत उतार केसभरहि चालत नाहीं. तें काम म्हणजे बिलिअर्डचें टेबल बांधणें. कालवा काढणारा उतार साधण्यासाठीं झटतो, टेबल बांधणारा उतार घालविण्यासाठीं. परंतु पातळी पाहण्याचें साधन दोघांच्याहि हातीं असावेंच लागतें.

टेबल ‘बांधणें’ हा शब्द येथें सहज आलेला नाहीं. जेवणाचें मेज सुतार घडवितो आणि चार माणसें तें उचलून हव्या त्या खोलींत नेऊन ठेवितात. बिलिअर्डचें पूर्ण आकाराचें टेबल असें उचलून नेतां येत नाहीं. त्याचें वजन सव्वा ते दीड टन असतें. तें सुटें येतें, आणि ज्या खोलींत राहावयाचें तेथेंच घरासारखें उभें करावें लागतें. घराप्रमाणें त्याला पायाहि लागतो. भवानीनगरकडील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल इतकी भेगाळते. अशा मातीवर नुसती फरशी टाकून हें ओझें ठेविलें, तर एकदोन पावसाळ्यांतच चेंडू आपण होऊन एका कोपऱ्याकडे चालूं लागतील. पाया मुरुमापर्यंत नेल्यावांचून तेथें गत्यंतर नाहीं.

पायानंतर प्रश्न येतो पृष्ठभागाचा; आणि ह्या टेबलाचा खरा इतिहास तोच आहे. हा खेळ मुळांत हिरवळीवरचा, असें इतिहासकार मानतात. पुढें तो युरोपांत घराच्या आंत, मेजावर आला, आणि गवताची खूण म्हणून मेजावर हिरवें कापड राहिलें. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या दरबारीं 1470 च्या सुमारास असें टेबल होतें. त्यानंतर सुमारें साडेतीनशें वर्षें टेबलाचा तळ लांकडाचाच असे. ओक, महोगनी अशा उत्तम लांकडाच्या फळ्या जोडून तो करीत. पण लांकूड कितीहि मुरलेलें असलें तरी तें हवेशीं नातें तोडीत नाहीं. दमट दिवसांत तें फुगतें, कोरड्या दिवसांत आंखडतें, आणि लांब फळी कोठें ना कोठें वांकतेच. अशा टेबलावर जाणत्या खेळाडूचा नेमका टोला वायां जाई आणि अडाण्याचा चुकलेला चेंडू बरोबर खिशांत पडे. कौशल्याचा खेळ नशिबाच्या हवालीं होई.

ह्यावर उपाय केला तो लंडनच्या जॉन थर्स्टन ह्या कारागिरानें. 1799 मध्यें त्यानें लांकडी सामानाचा धंदा काढला, पुढें बिलिअर्डच्या टेबलांकडेच सारें लक्ष दिलें, आणि 1826 मध्यें टेबलाला दगडाचा तळ बसविला. हा दगड कोणता? महाराष्ट्राला दगडाचें दुर्भिक्ष नाहीं. सह्याद्रीचे कडे, त्यांवरील किल्ले, घरोघरचें जातें आणि पाटा-वरवंटा, हीं सारीं एकाच काळ्या पाषाणाचीं. पण हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. तो फुटतो, घडवितां येतो. त्याचे पातळ सपाट पापुद्रे मात्र निघत नाहींत. टेबलाला हवा होता थरांनीं सुटणारा दगड. आणि तो मराठी घरांना निराळ्याच निमित्तानें ओळखीचा होता. लांकडी चौकटींतली जी पाटी घेऊन मुलांच्या पिढ्यान् पिढ्या शाळेंत गेल्या, त्या पाटीचा हा दगड. बिलिअर्डच्या हिरव्या कापडाखालीं एक प्रचंड पाटीच पसरलेली असते.

कोट्यवधि वर्षांपूर्वीं पाण्याच्या तळाशीं बसलेला बारीक चिखल पुढें पृथ्वीच्या पोटांत दाबाखालीं आणि उष्णतेंत सांपडला, म्हणजे त्याचा हा दगड होतो. दाबामुळें त्यांतील कण एकाच दिशेला वळून बसतात; म्हणून छिन्नीचा घाव योग्य जागीं बसला कीं सरळ थर सुटतो. तो घांसून आरशासारखा सपाट करितां येतो, आणि लांकडाप्रमाणें तो ऋतूबरोबर फुगत वा वांकत नाहीं. इंग्लंडांतील टेबलांसाठीं हा दगड वेल्समधून येई. आज इटलीच्या लिगुरिया प्रांतांतील दगडाला मोठा मान आहे. तेथील लाव्हान्या गांवाच्या परिसरांतील हा दगड इतका प्रसिद्ध, कीं इटालियन भाषेंत शाळेच्या फळ्यालाहि ‘लाव्हान्या’ हेंच नांव आहे. पाटी आणि टेबल ह्यांचें नातें असें तिकडच्या भाषेनेंहि मान्य केलें आहे.

दगडानें तळ स्थिर झाला. कडा मात्र अजून मुर्दाड होत्या. टेबलाच्या कडेला आपटून चेंडूनें ठराविक कोनांत आणि ठराविक जोमानें परत यावें, ही ह्या खेळाची दुसरी गरज. आरंभीं कडांना कापडाच्या वा लोकरीच्या पट्ट्यांचे थर लावीत. त्यांवर चेंडू आपटून मरून जाई. 1835 मध्यें थर्स्टननें रबराच्या कडा आणल्या. त्या उन्हाळ्यांत उत्तम, पण थंडींत रबर दगडासारखें घट्ट होई. मग खेळापूर्वीं गरम पाण्याचीं पन्हळीसारखीं भांडीं कडांशीं लावून त्यांना ऊब द्यावी लागे. गंधकाच्या साहाय्यानें रबर पक्कें करण्याची रीत अमेरिकेंत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्यें सांपडली, आणि 1845 मध्यें थर्स्टननें अशा पक्क्या रबराच्या कडांचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून कडांना ऋतूंची बाधा पूर्वीसारखी राहिली नाहीं.

ह्या कडेची उंची ही सुद्धां बारकाईनें ठरविलेली गोष्ट आहे. रबराची नाकासारखी धार चेंडूच्या मध्यापेक्षां किंचित् वर असते. ती मध्याच्या खालीं गेली तर चेंडू उसळून टेबलाबाहेर जाईल. फार वर गेली तर तो तळाशीं दाबला जाऊन त्याचा जोर मरेल. पूलच्या टेबलांत ही उंची चेंडूच्या व्यासाच्या शेंकडा 63 ते 64 इतकी ठेवितात.

पूर्ण आकाराच्या टेबलाची खेळाची जागा 11 फूट 8½ इंच लांब आणि 5 फूट 10 इंच रुंद असते. तें उभें करण्याचा क्रम असा. प्रथम आठ भक्कम पाय आणि त्यांना जोडणाऱ्या जाड तुळया. लांकूड पुरतें वाळलेलें हवें. ह्या सांगाड्यावर दगडाच्या पांच लाद्या शेजारीं शेजारीं ठेवितात. प्रत्येकीची जाडी पावणेदोन ते दोन इंच. लाद्यांच्या कडांत धातूच्या खुंट्या बसवून त्या एकमेकींत गुंतवितात. मग सुरू होतें तें खरें कसबाचें काम. लांबीवर, रुंदीवर आणि कर्णावर पाणसळ ठेवून कारागीर एकेक कोपरा पारखतो आणि जेथें दगड खालीं असेल तेथें पातळ पाचर सारतो. कधीं कधीं ती पाचर म्हणजे खेळण्याच्या पत्त्याचें एक पान असतें. तेवढ्यानेंहि फरक पडतो. शेवटीं सांध्यांच्या फटी भरून, घांसून, त्यावरून बोट फिरविलें असतां सांधा लागूं नये इतका एकजीव पृष्ठ करितात.

त्यावर लोकरीचें कापड चढतें. इंग्लिश टेबलाच्या कापडाला लव असते आणि ती टेबलाच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे झुकलेली असते. म्हणून कापड ताणतांना, झाडतांना आणि इस्त्री करितांना लवेची दिशा सोडून चालत नाहीं. उलटा ब्रश फिरविला तर हळूं जाणारा चेंडू वाट सोडतो. कापड चढल्यावर कडा आवळतात आणि खिशांच्या जाळ्या लावितात, म्हणजे टेबल पुरें होतें.

अमेरिकेंत ह्याच घराण्यांतील ‘पूल’ हा खेळ वाढला. पैज लावणाऱ्यांनीं जमविलेल्या सामाईक रकमेला पूल म्हणत; तेंच नांव खेळाला मिळालें. जॉन मोझेस ब्रन्सविक ह्या स्वित्झर्लंडहून आलेल्या कारागिरानें 1845 मध्यें सिनसिनाटीस अशा टेबलांचा धंदा काढला. पूलचें मोठें टेबल नऊ फुटी म्हणवितें. त्याची खेळाची जागा 100 इंच लांब व 50 इंच रुंद. तळ बहुधा तीन लाद्यांचा, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणें निदान एक इंच जाडीचा. सपाटींत लांबीकडे इंचाचा पन्नासावा आणि रुंदीकडे शंभरावा भाग, ह्यापलीकडे चूक चालत नाहीं. स्वस्त टेबलांना दगडाऐवजीं दाबलेल्या भुश्शाचा तक्ता असतो. वरचें कापड तितकेंच सुंदर दिसतें, पण पुढें तक्ता झुकूं लागतो. टेबल पारखणारा म्हणून प्रथम कापडाखालीं पाहतो.

चेंडूंचा इतिहास मात्र इतका निर्मळ नाहीं. शतकानुशतकें चांगला चेंडू म्हणजे हस्तिदंती चेंडू असें समीकरण होतें, आणि एका दातांतून मोजकेच चेंडू निघत. श्रीमंतांच्या घटकाभर करमणुकीसाठीं किती हत्ती मारले गेले असतील! हस्तिदंत महाग होऊं लागला तेव्हां 1860 नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील फेलन आणि कॉलेंडर ह्या मंडळींनीं पर्यायी पदार्थासाठीं 10,000 डॉलरांचें बक्षीस लावलें. त्या प्रयत्नांतून जॉन वेस्ली हायटनें सेल्युलॉइडचा चेंडू केला, आणि पुढें बेकलँडच्या 1907 मधील शोधानंतर आजच्या कृत्रिम राळेच्या चेंडूंची वाट मोकळी झाली. प्लॅस्टिकच्या युगाचा आरंभ असा कांहीं अंशीं ह्या टेबलावर झाला आहे.

भारतांत हें टेबल इंग्रजांच्या पलटणींबरोबर आणि क्लबांबरोबर आलें. 1875 च्या पावसाळ्यांत जबलपूरच्या लष्करी भोजनगृहांत नेव्हिल चेंबरलेन ह्या तरुण अधिकाऱ्यानें जुन्या खेळांत रंगीत चेंडूंची भर घालून स्नूकर हा नवा खेळ काढला. त्याचे नियम पुढें उटकमंडच्या क्लबांत ठरले. इंग्लंडचा नामांकित खेळाडू जॉन रॉबर्ट्स यानें 1885 मध्यें कलकत्त्यास चेंबरलेनची गांठ घेऊन ते समजून घेतले, आणि नर्मदेच्या खोऱ्यांत जन्मलेला खेळ विलायतेस गेला.

ज्या देशांत तो जन्मला त्या देशाच्या लोकांना मात्र त्या खोल्यांचें दार बंद होतें. मुंबईच्या भायखळा क्लबाचें वा बाँबे जिमखान्याचें सभासदत्व दीर्घ काळ युरोपियनांपुरतेंच होतें. दगडाची पातळी शंभराव्या इंचापर्यंत साधणाऱ्यांना माणसामाणसांतील पातळीची चाड नव्हती. तथापि त्याच खोलींत एक देशी माणूस रोज हजर असे. तो म्हणजे मार्कर. गुण मोजणें, काठ्या पुसून ठेवणें, कापड झाडणें, इस्त्री करणें, हीं त्याचीं कामें. साहेब बसण्यापूर्वीं टेबलाची प्रकृति त्याला ठाऊक असे. कोणता कोपरा दमट हवेंत मंद होतो हें त्याच्याइतकें कोणालाच कळत नसे. सभासदांची नांवें क्लबांच्या भिंतींवर सोनेरी अक्षरांत लागलीं. मार्करांचीं नांवें इतिहासांत कोठें उरलीं नाहींत.

हळूंहळूं दारें उघडलीं. 1885 मध्यें पारशी जिमखाना आणि 1894 मध्यें हिंदु जिमखाना निघाला. 1918 च्या सुमारास मुंबईंत विलिंग्डन क्लब देशी व युरोपियन दोघांसाठींहि उघडला. आणि 1922 मध्यें पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं 1958 मध्यें कलकत्त्यास बिलिअर्ड्सचें हौशी जागतिक अजिंक्यपद मिळविलें. स्वतंत्र भारताचे पहिले जगज्जेते म्हणून त्यांचें नांव घेतात. 1964 मध्यें न्यूझीलंडला त्यांनीं तें पुन्हां जिंकलें, आणि राष्ट्रीय बिलिअर्ड्स स्पर्धा तर ते बारा वेळां जिंकले. पुण्यांत काय, कलकत्त्यास काय वा न्यूझीलंडला काय, तळाचा दगड खेळणाऱ्याचा देश विचारीत नाहीं. सपाट टेबल चांगल्या टोल्याला चांगला आणि चुकलेल्याला चुकलेला म्हणतें. जोन्स यांना एवढाच न्याय हवा होता.

हा न्याय एकदां बसवून कायमचा राहत नाहीं. मोठ्या स्पर्धांतील स्नूकरच्या टेबलांखालीं आतां विजेची शेगडी असते. दगड कोमट ठेवून ती कापडांतील ओल घालविते, आणि गरम पाण्याच्या त्या जुन्या भांड्यांची आठवण करून देते. पण इमारत दबते, तुळई झिजते, कापड विरतें. म्हणून ज्याला टेबल चांगलें राखावयाचें आहे तो दर पावसाळ्यानंतर कारागिराला बोलावतो. कारागीर कापड उतरवितो, पाटीच्या त्या काळ्या दगडावर पाणसळ ठेवितो आणि तिच्यांतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाचर सारीत राहतो.