शंभर गुणांचा माणूस



स्वातंत्र्य या शब्दावर मी पस्तीस वर्षं वर्गात बोललो. कांट शिकवला, गीतेतला कर्ता शिकवला, परीक्षेचे पेपरही तपासले. पण स्वातंत्र्याला शंभरपैकी गुण देता येतात हे मला कळलं वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि तेही एका हॉस्पिटलच्या वॉर्डात.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. दहा-बारा दिवसांनी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी हातात कागद घेऊन आली. दहा प्रश्न. जेवण, आंघोळ, वेणी-फणी आणि तोंड धुणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडास वापरणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना. जेवणापुढे तिनं दहापैकी शून्य लिहिलं. मी म्हटलं, "अहो, तिचा डावा हात ठणठणीत आहे. ती जेवू शकते." ती म्हणाली, "सर, जमतं का ते नाही लिहायचं. रोज काय करतात ते लिहायचंय. रोज त्यांची सून भरवते."

आता हे माझ्या विषयातलं वाक्य होतं, बरं का! शक्ती वेगळी आणि क्रिया वेगळी, हा भेद ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला. तो या मुलीच्या कागदावर कसा आला, म्हणून मी त्या कागदाच्या मागे लागलो. त्याची हकिकत आज सांगतो.

सुरुवात विलायतेतून करू. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारचा गरिबांचा दवाखाना आला. त्यात सातशेच्या वर रुग्ण. त्यांत बरेच म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. डॉ. मार्जरी वॉरन यांनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, उठवून बसवलं, चालवलं. कित्येक जण घरी गेले. म्हणजे ही माणसं आजारानं जेवढी पडून होती, तेवढीच कोणी न उठवल्यामुळे पडून होती. म्हातारपणाचं वेगळं वैद्यक इंग्लंडमध्ये उभं राहिलं त्यामागे ही घटना आहे.

पण सुधारणा झाली हे दाखवायचं कशानं? ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. 'आता बऱ्या आहेत' हे कसं मोजणार? १९६३ मध्ये क्लीव्हलंडच्या बेंजामिन रोज हॉस्पिटलमधल्या सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी सहा कामांची एक सूची छापली: आंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांना बरं होताना पाहून त्यांच्या लक्षात आलं की ही कामं एका ठराविक क्रमानं परत येतात. जेवण लवकर येतं, आंघोळ सगळ्यांत शेवटी. लहान मूल साधारण ज्या क्रमानं शिकतं, तोच क्रम. 'म्हातारपण म्हणजे दुसरं बाळपण' असं आपण सहज बोलून जातो. कॅट्झनी मात्र उलट बाजू पाहिली, बरं होण्याची.

अक्काचा कागद तो नव्हे. तिचा कागद मेरीलँडचा. फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट. त्या राज्यातल्या दीर्घ आजाराच्या रुग्णालयांत ही पद्धत १९५५ पासून वापरात होती, लेख छापून आला १९६५ मध्ये, तोही राज्याच्या वैद्यकीय मासिकात. आंघोळीला फक्त पाच गुण. संडासाला दहा. खाटेवरून खुर्चीत येण्याला पंधरा, चालण्याला पंधरा. असं का? महोनी-बार्थेल यांनी स्वच्छ सांगितलंय: ते काम रुग्णाला जमलं नाही तर दुसऱ्याचा किती वेळ आणि किती अंगमेहनत लागते, त्यावर गुण ठरवले.

इथे मी थांबलो. नाव स्वावलंबनाचं, पण माप दुसऱ्याच्या हातांचं! आंघोळ दिवसातून एकदा घालावी लागते, संडासला किती वेळा न्यावं लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. शंभर मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही, हेही त्या लेखातच आहे. स्वयंपाक, घरकाम त्याला जमणारही नाही. फक्त परिचारक लागणार नाही. एवढा प्रामाणिक खुलासा नंतरच्या किती वापरकर्त्यांनी वाचला असेल, शंकाच आहे.

'जमतं' की 'करतो' हा नियम पुढे ब्रिटनमध्ये १९८८ च्या सुमारास पक्का झाला. तिथे काठी-वॉकर वापरला तरी गुण कापत नाहीत, पण माणसाची मदत घेतली की कापतात.

घरातल्या कामाची यादी आली १९६९ मध्ये, लॉटन आणि ब्रॉडी यांची. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, झाडलोट, धुणं, प्रवास, औषधं, पैसे. बायकांना आठ गुण, पुरुषांना पाच, कारण स्वयंपाक, झाडलोट आणि धुणं पुरुषांकडून अपेक्षितच नव्हतं. म्हणजे आयुष्यात चहासुद्धा न केलेला माझ्यासारखा गृहस्थ पाचपैकी पाच घेऊन 'स्वतंत्र'! (हशा) हसू नका, इथे असे बरेच बसलेत.

पुढे अमेरिकेत अठरा कामांचं, प्रत्येकी सात पायऱ्यांचं एक मोजमाप आलं. २००२ पासून पुनर्वसन रुग्णालयांना सरकारी विम्याचे पैसे त्याच्या आधारानं मिळू लागले. २०१९ मध्ये ते काढून दुसरं आणलं. गुणांना पैसे जोडले की काय होतं, ते आपल्या शिक्षणक्षेत्राला मी सांगायला नको.

आपल्याकडचा एक प्रयत्न मला फार आवडतो. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचा अभ्यास झाला. परदेशी प्रश्न तिथे चालेनात. लिहिता-वाचता न येणाऱ्या, एकत्र कुटुंबातल्या आजीला 'हिशेब स्वतः ठेवता का' विचारून काय कळणार? ज्या घरात वडीलधाऱ्यांनी कामाला हात लावायचा नाही अशी रीत, तिथे न करणं हे आजाराचं लक्षण की मानाचं? त्यांनी तिथल्या जगण्यातून अकरा प्रश्नांची वेगळी यादी केली.

अक्काचं तेच होतं. ती मला हळूच म्हणाली होती, "डाव्या हातानं घास? चार माणसांत?" मेरीलँडच्या कागदाला डावा-उजवा माहीत नाही. आणि सूनही भरवत होती ती मायेनं. मीच तिला म्हटलं की त्या मायेनं अक्काचे गुण जातायत. हे मी बोलायला नको होतं. बिचारीचा चेहरा उतरला.

तीन महिन्यांनी थेरपिस्ट घरी आली. जेवणाचं विचारल्यावर सून म्हणाली, "जेवतात आई, चमच्यानं, डाव्या हातानं. मी ताट ठेवून बाहेर गेले की मगच. मामा असले तर नाही." थेरपिस्टनं दहा लिहिले.

भाकरी दुधात कुस्करून सून स्वयंपाकघरातूनच आणत होती. कडक नियमानं त्याचे पाचच व्हायला हवे होते. मी काही बोललो नाही.