घरी जायची परवानगी
ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १९०९ साली बालरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या दहा वर्षांच्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. भूल देऊन ऑपरेशन केलेली तान्ही मुलं त्याच दिवशी आईच्या कुशीत घरी जात. मागून परिचारिका घरी जाऊन जखम पाहत. हे फार शहाणपणाचं होतं, कारण निकोल यांनी मुलाबरोबर त्याची देखभालही घरी पाठवली होती.

पुढे राल्फ वॉटर्स यांनी अमेरिकेतल्या सू सिटीत भरवस्तीत भुलीचा दवाखाना काढला. तिथे दात काढायला आलेल्या माणसाला नंतर पडून राहायला शेजारच्या खोलीत एक खाट होती. किती वेळ पडायचं, हे मात्र बरंचसं रुग्णावरच असे.

खरी अडचण १९६३ नंतर वाढली. त्या वर्षी अमेरिकेत बाजारात आलेलं डायझेपाम गुंगीसाठी सोयीचं ठरलं, पण त्याचा निम्मा अंश शरीरातून जायलाच वीस तासांहून जास्त लागू शकतात. रुग्ण डोळे उघडतो, हसून बोलतो आणि तरीही ब्रेक दाबायला उशीर करतो. फिनलंडमध्ये कारी कोर्टिला आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात गाडी चालवण्याशी संबंधित चाचण्या घेऊन हेच तपासलं.

त्याआधी, १९७२ साली, ब्रिटनमध्ये ओग यांनी त्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णांची चौकशी केली. ३१ टक्के जण जबाबदार सोबतीशिवाय गेले होते. गाडी बाळगणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांनी चोवीस तासांच्या आत ती चालवली, आणि ९ टक्के तर स्वतःच चालवत घरी गेले. सूचना देऊन भागत नाही, हे या आकड्यांनी उघड केलं.

मग मोजमाप आलं. अल्ड्रेट यांनी १९७० साली हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी दोनपर्यंत गुण दिले होते; पण ते गुण रुग्णाला रिकव्हरी रूममधून वॉर्डात हलवण्यासाठी होते. घरी जाण्याचा प्रश्न वेगळा आहे. टोरंटोच्या फ्रान्सिस चुंग यांनी १९९०च्या दशकात चालता येणं, मळमळ, वेदना, रक्तस्राव अशा बाबींचा विचार करून त्यासाठी स्वतंत्र गुणपद्धती आणली. दहापैकी किमान नऊ गुण हवेत.

पण नऊ गुण मिळाले म्हणजे स्मरणशक्तीही ताळ्यावर आली, असं नाही. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधानंतर रुग्ण मान डोलावत सगळं ऐकतो आणि संध्याकाळी त्यातलं काही आठवत नाही. म्हणून सूचना लेखी हव्यात आणि सोबत्यालाही सांगायला हव्यात. गुंगी देऊन होणाऱ्या एंडोस्कोपीला जाताना घरचं कुणी तरी बरोबर न्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत स्कूटरची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या.