चूक कोणाची नव्हे, काम कोणाचे?

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात कामगारांना भेटतो तेव्हा अपघाताची हकिगत आम्हाला बहुधा एकाच वाक्याने संपलेली ऐकायला मिळते : "त्याचंच लक्ष नव्हतं." फोर्कलिफ्ट मागे येताना पाय चाकाखाली सापडला, तरी दोष पायाचा! ठेकेदार दवाखान्याचे बिल भरतो, थोडे पैसे हातावर ठेवतो, प्रकरण मिटते.

मित्रांनो, "चूक कोणाची?" हा प्रश्न कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच मागे टाकला आहे. पूर्वी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे जखमी मजुरावरच होते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तत्त्वच बदलले. कामामुळे आणि काम करताना इजा झाली, की भरपाई मालकाने द्यायची. नशेत किंवा मुद्दाम सुरक्षा नियम मोडून झालेली इजा वेगळी. पण नुसते लक्ष चुकले म्हणून हक्क जात नाही. कलम 12 ने तर ठेकेदाराआडची पळवाटही बंद केली : मूळ मालकाने भरपाई द्यावी आणि ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

तरीही मजुराला एकेका मालकाशी झगडावे लागे. 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याच्या काळात प्रा. अडारकरांनी 1944 मध्ये आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते, हे खरे. पाया मात्र आधीच घातला गेला होता.

यात जात कुठे आली, असे कोणी विचारील. 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी हेच मांडले होते : आपला माणूस गँगमनच राहतो, पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी राबावे लागते, म्हणून अस्पृश्याला तेही काम मिळत नाही. म्हणून आजही गोदामात आम्ही विचारतो : यंत्रावर कोण बसतो, आणि त्याच्या चाकाजवळ कोण उभा असतो?

आज 1923 चा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. मूळ मालकाची जबाबदारी तिथेही आहे. म्हणून वस्तीतला कोणी जखमी झाला, तर कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. तारीख, वेळ, साक्षीदार आणि गोदामाच्या मूळ मालकाचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. अपघाताची लेखी सूचना द्या, तिची पोच घ्या. मदत मागायची नाही, हक्क मागायचा आहे.

जय भीम!