छायाचित्राखालचे नाव

शासकीय कामकाजात लिखित मजकुराला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे चित्राला दिले जात नाही. एखाद्या अहवालातला एक आकडा चुकला तर फाईल वरपासून खालपर्यंत फिरते. पण त्याच अहवालाच्या मुखपृष्ठावरील छायाचित्र कोणी काढले, ते कोठून घेतले, त्याचा मोबदला कोणाला दिला, असे विचारणारी टिपणी माझ्या सेवाकाळात माझ्यासमोर क्वचितच आली. स्मरणिका, दिनदर्शिका, पर्यटन-पुस्तिका, प्रदर्शनातील फलक यांवर चित्राखाली "सौजन्य : इंटरनेट" असे दोन शब्द मात्र मी अनेकदा वाचले आहेत. इंटरनेट ही कोणी व्यक्ती नव्हे. ज्याचे सौजन्य मानायचे तो माणूस कोठेतरी असतो, त्याने ऊन-पाऊस सोसून ते चित्र टिपलेले असते, आणि त्याची परवानगी कोणी मागितलेली नसते.

छायाचित्राची चोरी त्याची नक्कल करण्यापासून सुरू होते असे आपण समजतो. मला वाटते, ती त्याखालचे नाव पुसण्यापासून सुरू होते. नाव शिल्लक असेल तर नक्कल करणाऱ्याला शोधता येते, जाब विचारता येतो, पैसे मागता येतात. नाव गेले की कायद्याने दिलेला हक्क कागदावर राहतो. हा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातला असेही नाही. त्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्यात आपल्या देशाच्या प्रशासनाचाही वाटा आहे.

१८३९ साली युरोपात छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि काही वर्षांतच ती भारतात पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. म्हणजे या कलेत मराठी माणूस अगदी आरंभापासून आहे. पुढे १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपल्या प्रजेची ओळख करून घेण्याची निकड वाटू लागली आणि कॅमेरा प्रशासनाचे साधन बनला. "द पीपल ऑफ इंडिया" हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमधून प्रसिद्ध झाला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. प्रत्येक चित्रासोबत जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, तिच्याविषयी साहेबी शेरेही आहेत. चित्रातला माणूस बहुधा निनावी आहे आणि चित्राखाली ते टिपणाऱ्याचेही नाव नाही. सरकारी दप्तरात छायाचित्राला "माहिती" मानण्याची आणि त्याच्या कर्त्याला विसरण्याची सवय इतकी जुनी आहे.

या सवयीला छेद देणारा माणूसही एका सरकारी खात्यातूनच निघाला. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, सरधना येथला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. तेथे असतानाच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १८८५ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ निघाले. त्यांच्या अनेक छायाचित्रांच्या कडेला काचेच्या निगेटिव्हवरच उमटवलेला क्रमांक आणि त्यांचे नाव दिसते. ज्या काचेवरून प्रत निघणार तिच्यावरच नाव असल्यामुळे प्रत्येक प्रतीवर ते आपोआप येई. पुसायचे तर चित्र कापावे लागे. आज ज्याला वॉटरमार्क म्हणतात त्याचा हा पूर्वज होय. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेला आहे, आणि तो कोणाचा हे आज कोणाला विचारावे लागत नाही.

कायदा मात्र बराच काळ संभ्रमात होता. यंत्राने काढलेल्या चित्राला कर्ता असतो का, हाच मूळ प्रश्न होता. ब्रिटनने १८६२ च्या कायद्यात चित्रे व रेखाटने यांच्याबरोबर छायाचित्रालाही संरक्षण दिले. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने ऑस्कर वाइल्डचे एक छायाचित्र काढले होते. एका छापखान्याने त्याच्या ८५,००० प्रती परस्पर छापल्या. यंत्राच्या कामाला लेखकाचा हक्क कसा, असा छापखान्याचा युक्तिवाद होता. १८८४ साली न्यायालयाने तो फेटाळला. वाइल्डला कसे बसवायचे, प्रकाश कोठून घ्यायचा, पोशाख कोणता, हे सॅरोनीने ठरवले होते. म्हणून ती त्याची निर्मिती ठरली. दंडाची एकूण रक्कम होती ६१० डॉलर. एका प्रतीला एक सेंटसुद्धा पडला नाही, पण कर्ता कोण हे ठरले.

आपल्याकडे ब्रिटनचा १९११ चा कायदा १९१४ च्या अधिनियमाने लागू झाला. त्यातली एक तरतूद आज वाचताना नवल वाटते. छायाचित्र तयार होताना निगेटिव्ह ज्याच्या मालकीची, तोच त्या छायाचित्राचा कर्ता मानला जाई. म्हणजे स्टुडिओत दिवसभर काळ्या कापडाखाली डोके घालून उभा राहणारा पगारी कारागीर कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हता. काचेचे पैसे देणारा मालक हाच कर्ता. मुंबई, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या जुन्या घरांत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे असतात, त्यांच्या तळाशी स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले असते. कॅमेऱ्यामागे कोण उभा होता हे त्यावरून कळत नाही.

कारागिराचे नाव मालकाच्या नावाआड लोपले, तसे पत्नीचे नाव पतीच्या नावाआड लोपल्याचेही उदाहरण आहे. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. पुढे दिल्लीत त्यांनी स्वातंत्र्याचा सोहळा आणि त्यानंतरच्या दोन दशकांचे राजकीय जीवन टिपले. "डालडा १३" या टोपणनावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट अधिनियम १९५७ चा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. त्याने "छायाचित्र काढणारी व्यक्ती" हीच कर्ता असे स्पष्ट लिहिले. निगेटिव्हच्या मालकाची जागा माणसाने घेतली, हे मोठे पाऊल होते. पण दोन उणिवा राहिल्या. पहिली मालकीची. कोणी पैसे देऊन छायाचित्र काढवून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीच्या कामात काढलेल्या छायाचित्राचा मालक सर्वसाधारणपणे नोकरी देणारा. सरकारसाठी काढलेल्याचा मालक सरकार. वृत्तपत्राच्या नोकरीत मात्र मालकाचा हक्क वृत्तपत्रीय प्रसिद्धीपुरता असतो, बाकीचा हक्क छायाचित्रकाराकडे राहतो. हे अनेक वृत्तछायाचित्रकारांनाही ठाऊक नसते.

दुसरी उणीव मुदतीची. चित्रकाराच्या चित्राला त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ५० वर्षे संरक्षण होते, छायाचित्राला मात्र प्रसिद्धीपासून केवळ ५० वर्षे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होता, त्या निमित्ताने १९९२ च्या दुरुस्तीने ५० चे ६० झाले. पण भेद कायम राहिला. हिशेब करून पाहा : १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचे संरक्षण २००७ अखेर संपले. होमाईबाई तेव्हा हयात होत्या. चित्रकाराच्या बाबतीत असे कधीच घडले नसते. हा भेद जगभर होता. बर्न करारात छायाचित्रासाठी किमान मुदत २५ वर्षांचीच होती, ती विषमता १९९६ च्या जागतिक कॉपीराइट कराराने दूर केली. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीचे वेगळे कलम वगळले आणि त्यांना हयात अधिक ६० वर्षे अशी समान मुदत दिली. त्या करारात भारत २०१८ साली सामील झाला.

कायद्याने छायाचित्रकाराला माणूस म्हणून आणि कलावंत म्हणून मान्य करेपर्यंत तंत्रज्ञान पुढे निघून गेले होते. डिजिटल छायाचित्राच्या फाईलमध्ये कर्त्याचे नाव, दिनांक, कॅमेऱ्याचा तपशील नोंदवता येतो. दीनदयाळांच्या काचेवरील नावाचीच ही नवी आवृत्ती. फरक एवढाच की ती डोळ्यांना दिसत नाही आणि सहज गळून पडते. चित्र एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवताना, लहान करताना, पडद्यावरून टिपताना ही नोंद बहुतेक वेळा नाहीशी होते. चोराला नाव पुसण्याचेही कष्ट पडत नाहीत.

याचे एक चांगले नोंदले गेलेले उदाहरण हैतीचे आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे भीषण भूकंप झाला. डॅनियल मोरेल या हैतियन छायाचित्रकाराने त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे ट्विटरद्वारे जगासमोर ठेवली. दुसऱ्या एकाने ती उचलून स्वतःची म्हणून पुढे पाठवली. एएफपी या वृत्तसंस्थेने ती त्या दुसऱ्याच्या नावाने घेतली, आणि गेटी या संस्थेमार्फत ती जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचली. मोरेलने आक्षेप घेतल्यावर वृत्तसंस्थेनेच आधी न्यायालयात धाव घेतली. जे ट्विटरवर टाकले ते वापरण्याचा परवाना सर्वांना मिळतो, असा तिचा मुद्दा होता. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो अमान्य केला, आणि नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने मोरेलला सुमारे १२ लाख डॉलर देवविले. "लोकांसमोर ठेवले" आणि "लोकांना देऊन टाकले" या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्या निकालाचे सार. आणि सारा घोळ सुरू झाला तो नाव बदलण्यापासून.

आपल्या कायद्यात आज काय आहे? संरक्षणासाठी नोंदणी सक्तीची नाही, चित्र निर्माण होताच हक्क निर्माण होतो. प्रसिद्ध प्रतीवर ज्याचे नाव कर्ता म्हणून छापलेले असेल तोच कर्ता, असे कलम ५५ नुसार न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर. २०१२ साली आलेल्या कलम ६५ब नुसार हक्कविषयक नोंद जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. इंटरनेटवर अशी प्रत साठवणाऱ्या मध्यस्थाला लेखी तक्रार दिल्यास त्याने ३६ तासांत ती पोहोचेनाशी करायची असते. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो ती पुन्हा खुली करू शकतो. ही शेवटची अट सामान्य छायाचित्रकाराला जड जाते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना उपयोगी अशी एक तरतूद कलम ६२ मध्ये आहे. दावा प्रतिवादीच्या गावीच लावला पाहिजे असे नाही, सामान्यतः आपण जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयातही तो लावता येतो.

यात शासनाचे कर्तव्य मला सर्वांत निकडीचे वाटते. छायाचित्राची मालकी सरकारकडे असली तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ नुसार छायाचित्रकाराकडेच राहतो. हा हक्क सरकारविरुद्धही चालतो. अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश केंद्र सरकारला दिला. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरी त्याचा मान कलावंताचा होता.

म्हणून प्रत्येक कार्यालयाने निदान चार गोष्टी कराव्यात. छायाचित्र घेताना कर्त्याचे नाव, दिनांक व परवानगी एका नोंदवहीत लिहावी. निविदेत पुरवठादाराला प्रत्येक चित्राचा उगम दाखवणे बंधनकारक करावे. चित्राखाली नाव छापल्याशिवाय मुद्रणाला मंजुरी देऊ नये. आणि "सौजन्य : इंटरनेट" हा शेरा अग्राह्य मानावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, फारसा खर्चही येत नाही.

हेच काम संस्थाही करू शकतात. दिल्ली, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोलकाता येथली महाराष्ट्र मंडळे आपल्या जुन्या छायाचित्रांचे संगणकीकरण करत असतात. त्या वेळी चित्र स्वच्छ दिसावे म्हणून पुठ्ठ्याची कड कापली जाते, आणि तिच्यावरचे स्टुडिओचे नाव कायमचे जाते. मागील बाजूचा शिक्का तर कोणी पाहतच नाही. कड न कापता, दोन्ही बाजू नोंदवून ठेवल्या तर नाव वाचेल. पुढे तोच त्या चित्राच्या कर्त्यापर्यंत पोहोचण्याचा एकमेव धागा असू शकेल.