सामुदायिक समुपदेशन : शिक्षण व प्रशिक्षण

माणसाच्या मानसिक अडचणींकडे त्याचे कुटुंब, वस्ती, रोजगार आणि सामाजिक स्थान यांच्यासह पाहणारी समुपदेशनाची शाखा व तिचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. ही शाखा अमेरिकेत आकाराला आली. कर्जबाजारी झालेल्या किंवा घरात मारहाण सोसणाऱ्या माणसाला केवळ मन खंबीर ठेवायला सांगणे अपुरे असते; त्याला योग्य मदतीपर्यंत पोहोचवणे हेही समुपदेशकाचेच काम, ही तिची मूळ धारणा आहे.

इतिहास : राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मनोरुग्णालयांऐवजी लोकांना राहत्या परिसरात उपचार मिळावेत, हा त्यामागचा हेतू होता. १९७६ मध्ये व्हर्जिनिया राज्याने समुपदेशकांना परवाना देण्याचा कायदा केला. ज्युडिथ व मायकेल लुइस यांच्या १९७७ च्या ग्रंथाने या शाखेला सैद्धांतिक बैठक दिली. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘केकरेप’ ही संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. तिच्या २००९ च्या निकषांनुसार हा अभ्यासक्रम ‘चिकित्सात्मक मानसिक आरोग्य समुपदेशन’ या शाखेत विलीन झाला.

अभ्यासक्रम : मानवी विकास, सांस्कृतिक विविधता, गटसमुपदेशन, मूल्यमापन, संशोधन व व्यावसायिक नीती हे त्यातील प्रमुख विषय. केकरेपच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला किमान १०० तासांचे प्रात्यक्षिक करावे लागते. त्यांपैकी ४० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे असतात. पुढे ६०० तासांची आंतरवासिता असते व तीत असे २४० तास अपेक्षित असतात. पदवीनंतर परवान्यासाठी परीक्षा आणि देखरेखीखालील आणखी काम आवश्यक असते. त्याच्या अटी राज्यागणिक बदलतात.

पर्यवेक्षण : हा या शिक्षणाचा कणा होय. विद्यार्थी अशिलाच्या संमतीने सत्राचे ध्वनिमुद्रण करतो आणि पर्यवेक्षकासोबत ते ऐकतो. अशील बोलता बोलता थांबला, तेव्हा विद्यार्थ्याने ती शांतता टिकू दिली की घाईने सल्ला दिला? आत्महत्येचा विचार सूचित झाला, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट विचारले का? असे बारकावे पुस्तकातून उमगत नाहीत. अनुभवी माणसाच्या देखरेखीशिवाय नवख्याला दुःखितासमोर बसवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

गोव्यातील प्रयोग : ‘संगत’ या संस्थेने गोव्यात पर्यवेक्षणाच्या याच तत्त्वाचा वेगळा वापर केला. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. हे समुपदेशक एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रे गटात ऐकून गुण देत. नैराश्यावरील त्यांच्या अल्पकालीन उपचारपद्धतीची परिणामकारकता ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आली.

निवड : या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता, प्रत्यक्ष कामाचे तास आणि पर्यवेक्षण कोण व किती वेळा करणार, याची खात्री करून घ्यावी. पर्यवेक्षणाची सोय नसलेला अभ्यासक्रम या कामासाठी पुरेसा नाही.