सावलीच्या पोटातला ठिपका

दिव्याखाली अंधार, हे आपण ऐकतच मोठे झालो. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मात्र उलटंच निघालं: अंधाराच्या मधोमध उजेड.

प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा, हे न्यूटनचं मत तेव्हा फ्रान्समधल्या बड्या शास्त्रज्ञांना मान्य होतं. पण वस्तूच्या कडेवरून जाताना प्रकाश किंचित वळतो, सावलीच्या काठाला पट्टे उमटतात, त्याचं काय? फ्रेंच विज्ञान अकादमीने या प्रश्नावर बक्षीस लावलं. १८१८ मध्ये ओग्युस्तँ फ्रेनेल या तीस वर्षांच्या सरकारी इंजिनियरने निबंध धाडला. रस्ते बांधणारा हा माणूस म्हणत होता, प्रकाश ही लाट आहे.

परीक्षक पाच. त्यातले लाप्लास, बिओ आणि प्वासाँ कणवादी. प्वासाँ गणितात तरबेज. त्यांनी फ्रेनेलचंच गणित हातात घेतलं आणि पुढे नेलं. प्रकाशाच्या वाटेत गोल चकती धरली, तर तिच्या कडेच्या प्रत्येक बिंदूपासून सावलीच्या केंद्रापर्यंतचं अंतर सारखंच. म्हणजे कडेवरून आलेल्या सगळ्या लाटा तिथे एका तालात पोचणार आणि एकमेकींना जोर देणार. सावलीच्या ऐन मध्यावर लख्ख ठिपका दिसायला हवा, जणू चकती मध्ये नाहीच! असं कुठे असतं का? प्वासाँच्या लेखी फ्रेनेलचा सिद्धांत मोडीत काढायला एवढं पुरेसं होतं.

परीक्षकांपैकीच आरागो यांनी वाद न घालता प्रयोग केला. दोन मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवली आणि प्रकाश सोडला. ठिपका होता. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. बिओ मात्र शेवटपर्यंत बधले नाहीत.

मला यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. हाच ठिपका माराल्दी यांनी १७२३ मध्येच पाहिला होता. पण त्याला अर्थ देणारं गणित तेव्हा नव्हतं, म्हणून डोळ्यांना दिसूनही तो जवळजवळ शतकभर दुर्लक्षित राहिला. तो पुन्हा सापडला, कारण एका विरोधकाने समोरच्याचं म्हणणं उडवून लावण्याआधी शेवटच्या पायरीपर्यंत सोडवून पाहिलं. आपण कुणाशी वाद घालताना एवढे कष्ट घेतो का?

पाठ्यपुस्तकांत त्या ठिपक्याला आज आरागोंचं नाव आहे, आणि प्वासाँचंही. जे असूच शकत नाही असं ते म्हणाले, तेच त्यांच्या नावाने ओळखलं जातं.